बाळाच्या खोलीतले पट्टे : कामाच्या नोंदी

लेक भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ रोजी, कराडला बायकोच्या माहेरी झाली. बाराव्या दिवशी बारसं करून मी पुण्याला परतलो. मायलेकी संक्रांत तिकडेच करून १९ जानेवारीला येणार, म्हणजे खोली तयार करायला दोन महिने हातात आहेत. चारही भिंती पांढऱ्या करायच्या आणि पाळण्यामागच्या भिंतीवर अबोली रंगाचे उभे पट्टे काढायचे, असं आमचं ठरलंय. रंगारी न लावता सगळं स्वतः करायचं. असं काम काढणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून जसं घडेल तसं लिहून ठेवतोय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

खोली रिकामी केली. कपाट एकट्याने हलत नव्हतं. पायांखाली जुनी गोधडी सरकवून ओढलं, तेव्हा फरशीला चरा न पडता बाहेर गेलं.

कोथरूडमधली आमची इमारत १९९१ ची. खोली दहा बाय दहा, उंची नऊ फूट. पट्ट्यांची भिंत छताजवळ मोजली, ३०२ सेंटिमीटर भरली. पट्टे विषम संख्येत घ्यायचे म्हणजे दोन्ही कडांना एकच रंग येतो. १५ पट्टे केले तर प्रत्येक २०.१ सेंटिमीटरचा. आठ पांढरे, सात अबोली.

(नंतर भरलेली ओळ : भिंत फक्त वर मोजली, खाली मोजलीच नाही. ही चूक १४ डिसेंबरला अंगाशी आली.)

१७ नोव्हेंबर, रविवार

खरवडायला सुरुवात केली. खिडकीकडच्या भिंती ठीक आहेत, पण पट्ट्यांची भिंत पलीकडून बाथरूमला लागून आहे. तिचे खालचे चार फूट पत्रा लावताच पोपडे होऊन खाली आले. आत पांढरा लोणा, म्हणजे ओलीने वर येणारा क्षार, फुटलाय.

एक गोष्ट ठळक लिहितो. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, त्यातही तेलाच्या रंगांत, किती असेल याचा भरवसा नाही. आमच्या खोलीत निदान तीन थर आहेत आणि ते सगळे त्याआधीचे. म्हणून फवाऱ्याने भिंत भिजवून मगच खरवडलं. मास्क लावला, दाराला ओली चादर टांगली, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. वेळ दुप्पट लागला. एका भिंतीलाच सहा तास गेले. पण ज्या फरशीवर चार-सहा महिन्यांत लेक पालथी पडणार, त्या फरशीवर ही धूळ राहू द्यायची नव्हती.

माळ्यावर बाबांनी २००९ मध्ये आणलेला तेलाचा रंग निघाला, अर्धा डबा, अजून पातळ. दाराच्या चौकटीला पुरला असता. याच कारणासाठी तो वापरला नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि कालच्या प्रयोगाचा निकाल बघितला. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून रात्रभर ठेवला होता. आतल्या बाजूला थेंब जमले होते. म्हणजे ओल हवेतली नाही, भिंतीच्या पोटातून येतेय. त्याच खोलीत खिडकीकडच्या भिंतीवर लावलेला दुसरा तुकडा कोरडा ठणठणीत निघाला.

पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) आणि प्रायमर (रंगाआधीचा थर) आजच लावायचा बेत होता. मोडला. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी पावसाळ्यात फुगे धरणारच.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्लंबर आला. त्याने वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतली. तीन तासांनी आमच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, निळसर डाग उमटला. पाइपचा सांधा सुटलेला. वरच्या काकांनी एका शब्दाने वाद न घालता त्यांची फरशी फोडू दिली. निम्मा खर्च त्यांनी उचलला, माझ्या वाट्याला २,५०० आले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गवंड्याने भिजून भुसभुशीत झालेला गिलावा काढून नवा केला. चार फूट बाय एक फूट एवढाच तुकडा. साहित्य धरून १,८०० रुपये. पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी मारलं.

सोसायटीत रंगकाम करणारे एक मामा जिन्यात भेटले. काम ऐकून म्हणाले, “नव्या गिलाव्याला महिना द्या साहेब. वरून कोरडा दिसतो, पोटात ओला असतो.”

मी दिला नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

रविवार पेठेत बोहरी आळीत खरेदी. बायकोला हवी असलेली अबोली शेड-कार्डात नावाने सापडत नाही, तिथे नुसते नंबर. म्हणून तिच्या डोहाळजेवणाच्या साडीचा ब्लाउजपीस सोबत नेला होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जो नंबर हुबेहूब जुळला, त्याचा २०० मिलिलिटरचा नमुना १६० रुपयांना घेतला. घरी पुठ्ठ्यावर लावून खिडकीत धरला तर चक्क गुलाबी. अबोलीतला केशरीपणा कुठेच नाही. परत गेलो, ब्लाउजपीस आणि कार्ड घेऊन दुकानाबाहेर उन्हात उभा राहिलो आणि दोन घरं पुढचा नंबर निवडला. रंग दिवसाउजेडीच जुळवा. रात्री त्या खोलीत जो दिवा लागतो त्याखालीही एकदा बघा. आमच्याकडे पिवळा बल्ब आहे, त्यात हा दुसरा नंबर अबोलीच्या फुलाच्या जास्त जवळ गेला.

रंग पाण्यातला, कमी वासाचा अॅक्रिलिक इमल्शन. पांढरा चार लिटर आणि एक लिटर, अबोली एक लिटर. सात पट्ट्यांचं क्षेत्रफळ जेमतेम ४२ चौरस फूट होतं, दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, एक लिटर पुरतो.

१ डिसेंबर, रविवार

पुट्टीचे दोन थर दिले, मधे सहा तास. नव्या गिलाव्यावरही दिली. सहा दिवसांचाच होता, पण हाताला कोरडा लागत होता आणि माझा एक आठवडा आधीच गेला होता.

४ डिसेंबर, बुधवार

फेंगल वादळामुळे सोमवारपासून आभाळ भरलेलं आहे. पुट्टी घासायला घेतली तर पॉलिश पेपरला लगदा होऊन चिकटतेय. थांबलो. पंखा लावून खोली बंद ठेवली होती, तेही चुकलं. दमट हवा आतल्या आत फिरत राहिली. खिडकी उघडली.

८ डिसेंबर, रविवार

काल पुट्टी घासून प्रायमर, आज पांढऱ्याचे दोन हात. हे दोन दिवस सगळं सुरळीत पार पडलं. रोलर नऊ इंची, कोपऱ्यांना दोन इंची ब्रश. घासल्यावर भिंत कोरड्या कपड्याने झटकली, ओल्याने पुसली नाही. तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

सगळ्यात महागात पडलेला दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

डाव्या कोपऱ्यापासून वर छताजवळ दर २०.१ सेंटिमीटरवर खूण केली. खाली जमिनीजवळही कोपऱ्यापासून तशाच खुणा केल्या. मग रंगारी मारतात तशी गेरूत बुडवलेली दोरी वरच्या-खालच्या खुणांवर ताणून मारली. १४ रेघा, तासाभरात. बघायला सुंदर, एकमेकींना अगदी समांतर.

संध्याकाळी पाळण्याच्या कडीची परीक्षा घ्यायची होती. छतातली कडी इमारत बांधतानाच स्लॅबमध्ये सोडलेली आहे. माझाही पाळणा तिलाच होता. तरी तेहतीस वर्षांपूर्वीचं लोखंड डोळे मिटून वापरणार नव्हतो. कडीत पितळी साखळी अडकवली आणि तिला २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन टांगले, म्हणजे ४० किलो. रात्रभर ठेवायचे ठरवले. दाराशी येऊन बघितलं आणि काळजात धस्स झालं. साखळी भिंतीसमोर सरळ लोंबतेय आणि तिच्यामागची प्रत्येक रेघ तिरकी. साखळीच्या दीड मीटरच्या लांबीत रेघ बोटभर सरकलेली दिसत होती.

टेप घेऊन भिंत खाली मोजली. ३०४ सेंटिमीटर. डावा कोपराच खाली दोन सेंटिमीटर बाहेर गेलेला. मी सगळी मापं त्या वाकड्या कोपऱ्यावरून घेतली, म्हणून सगळ्या रेघा त्याच्यासारख्या वाकड्या. रिकाम्या खोलीत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण इथे भिंतीपुढे साखळी टांगलेली असणार आणि तिच्याइतकी सरळ वस्तू अख्ख्या घरात नाही. रोज दिवसातून शंभर वेळा ती रेघेचं तिरकेपण दाखवत राहिली असती.

रेघा पुसायला गेलो तर गेरू पांढऱ्या इमल्शनमध्ये मुरलेला. ओलं फडकं फिरवलं की लाल पट्टा आणखी पसरतो. तयार रंगावर गेरूची दोरी मारू नका. ती पद्धत कच्च्या भिंतीची.

१५ डिसेंबर, रविवार

एक लिटर पांढरा पुन्हा आणला, ५३० रुपये. गेरू दिसेनासा व्हायला दोन हात लागले. रंग पक्का होऊ द्यायचा म्हणून पट्टे पुढच्या शनिवारवर. एका मापापायी आठवडा गेला.

कडी मात्र भक्कम निघाली. सकाळी कॅन काढले, गिलाव्यात केसाएवढीही चीर नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

नव्याने आखणी. कोपऱ्यांचा नाद सोडला. छताजवळ भिंतीचा मध्य काढला, १५१ सेंटिमीटर. मधला, म्हणजे आठवा पट्टा अबोली. मध्यापासून दोन्हीकडे १०.०५ वर पहिल्या दोन खुणा, पुढे दर २०.१ ला एक. प्रत्येक खुणेवर ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) धरायचा, तो डुलायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि दोरीमागे दर फूटभर अंतरावर फिकट पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. १४ रेघांना अडीच तास लागले. घाई केली नाही.

वाकड्या कोपऱ्याचं काय झालं? डावीकडचा शेवटचा पांढरा पट्टा वर २०.३५ आणि खाली २२.३५ झाला. शेजारची भिंतही पांढरीच, त्यामुळे तो फरक तिच्यात मिसळून जातो. शोधूनही दिसत नाही. कडेचे पट्टे शेजारच्या भिंतीच्या रंगाचे ठेवा, वाकडेपणा त्यांच्या पोटात जातो.

चिकटपट्टी रेघेच्या बाहेर, पांढऱ्या बाजूला लावायची. पहिल्या पट्ट्याला आत लावली होती. २४ मिलिमीटरची पट्टी दोन्हीकडून आत आली की अबोली पट्टा १५ सेंटिमीटरवर येतो आणि पांढरा २५ वर जातो. वेळीच दिसलं, काढून परत लावली. बाहेरच्या बाजूला खडूने फुल्या मारून ठेवल्या.

दुपारी पहिले दोन पट्टे रंगवले. ४५ रुपयांची साधी कागदी चिकटपट्टी वापरली होती. काढली तर कडेला तीन-चार मिलिमीटर आत रंग झिरपलेला, करवतीच्या दातांसारखी कड. रोलरने रंगवलेली भिंत हाताला गुळगुळीत लागली तरी तिच्यावर बारीक चढउतार असतात आणि त्या खळग्यांतून रंग पट्टीखाली शिरतो. तीन गुंडाळ्या आणल्या होत्या, तिन्ही बाद.

२२ डिसेंबर, रविवार

रंगकामाची निळी चिकटपट्टी आणली, ५० मीटरची गुंडाळी ४५० ला. १४ रेघांना साधारण ३८ मीटर लागते, एकीत भागतं. खराब झालेल्या चार कडांवरही तीच लावली. बोटाने नव्हे, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने दाबली.

आणि मामांनी सांगितलेली युक्ती, जिने सगळा फरक पडला. पट्टी लावल्यावर तिच्या आतल्या कडेवरून आधी *पांढराच* रंग ब्रशने फिरवायचा. जे झिरपायचं ते पांढरं झिरपतं, पांढऱ्यावर पांढरं, आणि फट बुजते. अर्ध्या तासाने अबोली लावायचा. कालच्या दोन पट्ट्यांच्या फाटक्या कडाही अशाच झाकल्या, फक्त बाहेर आलेल्या अबोलीवर पांढऱ्याचा एक जास्तीचा हात दिला.

दुसरा हात संध्याकाळी साडेसातला संपला. तो ओलसर असतानाच चिकटपट्टी काढायला हवी होती. तेवढ्यात कराडहून फोन आला. लेकीला काल दीड महिन्याची लस दिलेली, रात्रीपासून अंग तापलं होतं आणि ती मांडीवरून खाली उतरायला तयार नव्हती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, एखादा दिवस ताप येतो, तरी जीव राहत नाही. साडेअकरापर्यंत फोनवरच होतो. ती झोपल्यावर मीही तसाच झोपलो. चिकटपट्टी भिंतीवर राहिली.

२३ डिसेंबर, सोमवार

ताप उतरला. सकाळी सहालाच फोन आला.

ऑफिसमधून येऊन चिकटपट्टी काढली. चोवीस तासांत रंगाची पातळ कातडी भिंतीपासून पट्टीपर्यंत सलग धरली होती, काही ठिकाणी ती पट्टीबरोबर उचलली गेली. बाकी बारीकसारीक. पण तिसऱ्या आणि चौथ्या अबोली पट्ट्यांच्या मधे, जमिनीपासून तीन फुटांवर, तळहाताएवढे तीन पापुद्रे पुट्टीसकट निघून आले. बरोबर नव्या गिलाव्याची जागा. बोट फिरवलं तर पिठासारखी भुकटी. सहा दिवसांच्या गिलाव्यावर दिलेल्या पुट्टीने भिंत धरलीच नव्हती, त्यात धूळ ओल्या फडक्याने पुसलेली नव्हती. जिन्यातलं मामांचं वाक्य आठवलं.

बाकीच्या कडा मात्र पात्याने कापल्यासारख्या आल्यात. बराच वेळ खोलीत नुसता उभा होतो.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. आज गिलाव्याला बरोबर महिना झाला. प्लास्टिकचा तुकडा परत लावून बघितला होता, आतून कोरडा.

दुरुस्तीचा क्रम असा. पापुद्र्याभोवतीचं जे जे ठोकल्यावर पोकळ वाजलं ते सगळं काढलं. तळहाताएवढ्या तीन जागांचं दीड फुटाचं एक भगदाड झालं, पण अर्धवट धरलेलं ठेवून उपयोग नव्हता. ओल्या फडक्याने दोनदा पुसलं, वाळू दिलं, प्रायमर पातळ करून एक हात दिला म्हणजे भिंत तो पिऊन घेते, मग पुट्टी. कडेला पुट्टी चार बोटं बाहेरपर्यंत निमुळती ओढली. शुक्रवारी रात्री घासली, परत प्रायमर.

२९ डिसेंबर, रविवार

पांढरा, चिकटपट्टी, कडेला पांढरा, अबोलीचे दोन हात. या वेळी दुसरा हात संपताच दहा मिनिटांत पट्टी काढली. वरून सुरू करून, स्वतःवरच दुमडून, हळूहळू खाली. एकही पापुद्रा नाही.

दिवसा काही कळत नाही. रात्री बाजूचा दिवा लावला की उजेड भिंतीवर तिरका पडतो आणि दुरुस्तीच्या जागी किंचित उंचवटा दिसतो. अजून घासलं तर पुन्हा रंग आला. मायलेकी येईपर्यंत तीन आठवडे खोली उघडी राहून वास पूर्ण जायला हवा होता, म्हणून तिथेच हात थांबवला.

५ जानेवारी २०२५, रविवार

हिशेब. एकूण ११,५८५ रुपये. त्यातले ४,३०० गळती आणि गिलाव्याचे, ते पट्टे काढले नसते तरी लागले असते. रंग, प्रायमर, पुट्टी मिळून ५,०७०. उरलेले रोलर, ब्रश, कागद, मास्क, चिकटपट्टी, ओळंबा यांचे. वाया गेलेले ८२५ : जास्तीचा पांढरा, चुकीचा नमुना, तीन चिकटपट्ट्या. वेळेत एक आठवडा गेरूने खाल्ला, एक गिलाव्याने. गिलाव्याला सुरुवातीलाच महिना दिला असता तरी काम आजच्याच तारखेला संपलं असतं, दुरुस्तीशिवाय.

दीडशे मिलिलिटर अबोली उरलाय. काचेच्या बरणीत भरला, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहिली.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी दोन वाजता आल्या. आईने भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं. खोलीत रंगाचा वास नाही, हे बायकोने सगळ्यात आधी तपासलं, दार बंद करून दोन मिनिटं आत उभी राहिली. रंग तिला पटला. संध्याकाळी दिवा लावल्यावर तिसऱ्या पट्ट्याशेजारी बोट ठेवून विचारलं, “इथे काय झालं रे?” मी त्या रविवारच्या रात्रीचं सांगितलं. ती म्हणाली, “राहू दे तसंच. आता नको घासूस.”

लेकीला पाळण्यात घातलं. दहा-पंधरा मिनिटं झोके दिले. साखळी मधल्या अबोली पट्ट्यावरून डावीकडच्या पांढऱ्यावर जायची, परत यायची, उजवीकडे जायची. तिचा डोळा लागला तशी दोरी सोडली. झोका लहान लहान होत थांबला. पलंगाच्या पायथ्याशी बसून बघितलं. साखळी आठव्या पट्ट्याच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, रेघेला रेघ लागून उभी होती.